दान एकदाच दिलं, पत्रं थांबेनात: ‘नाव काढा’ म्हणून का भागत नाही

लक्षणं सगळ्यांची सारखीच असतात. कुणाच्या तरी स्मृतीत किंवा एखाद्या आपत्तीच्या बातम्या पाहून आपण एका संस्थेला देणगी देतो. पावती येते, आभाराचं पत्र येतं, बरं वाटतं. दीड-दोन महिन्यांनी त्याच संस्थेचं दुसरं पत्र येतं आणि या वेळी आत फोटो असतो, भरून पाठवायचा फॉर्म असतो. मग तिसरं पत्र. मग ज्यांचं नावही कधी कानावर आलेलं नाही अशा संस्थांची पाकिटं यायला लागतात. आपण फोन करून ‘माझं नाव यादीतून काढून टाका’ म्हणतो. पलीकडून ‘हो, काढलं’ असं उत्तर मिळतं. काही महिने शांततेत जातात आणि पुन्हा पाकीट.

माझ्या बाबतीत हे तीनदा झालं. तिसऱ्या फोनला पलीकडच्या मुलीने बराच वेळ शोधलं आणि म्हणाली, “मॅडम, तुमचं नाव आमच्या सिस्टिममध्ये नाहीच आहे.” माझ्या हातात त्यांचं पाकीट, त्यावर माझं नाव, आणि ही म्हणते नाव नाही. मी चिडून फोन ठेवला. ती खोटं बोलत नव्हती हे बरंच नंतर लक्षात आलं. माझं नाव तिथे नव्हतं म्हणूनच ते पाकीट आलं होतं.

याचा उलगडा झाल्यावर बाकीचं काम सोपं झालं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

‘काढा’ आणि ‘पाठवू नका’

कुठलीही मोठी संस्था दोन प्रकारच्या लोकांना पत्रं पाठवते. एक, तिचे स्वतःचे देणगीदार. दोन, अजून देणगीदार न झालेले पण होऊ शकतील असे लोक. हे दुसरे लोक बाहेरच्या याद्यांमधून येतात. यादी बहुधा विकत घेतलेली नसते, एका वापरापुरती भाड्याने आणलेली असते किंवा दुसऱ्या संस्थेशी अदलाबदल केलेली असते: तुमची इतकी नावं आम्हाला, आमची तितकी तुम्हाला. मध्ये लिस्ट ब्रोकर, म्हणजे याद्यांचा दलाल असतो. भाड्याची यादी अनेकदा संस्थेच्या हातात पडतच नाही, थेट छपाई आणि टपाल करणाऱ्या कंपनीकडे जाते. तुम्ही उत्तर दिलंत, पैसे पाठवलेत, तरच तुमचं नाव संस्थेच्या स्वतःच्या सिस्टिममध्ये चढतं. म्हणून फोनवरच्या मुलीला मी दिसत नव्हते.

(जाता जाता: यादीचा मालक तिच्यात काही खोटी नावं पेरून ठेवतो. त्या नावांच्या पत्त्यावर ठरल्यापेक्षा जास्त पत्रं आली की यादी चोरून दुसऱ्यांदा वापरली गेली हे त्याला कळतं. मालक आपल्या यादीला इतका जपतो. यादीत ज्यांची नावं आहेत त्यांना मात्र कुणी विचारलेलं नसतं.)

आता छपाईच्या आधी काय होतं ते बघा. संस्थेची यादी आणि भाड्याच्या याद्या एकत्र ओततात. एकाच माणसाची दोन-तीन नावं आली असतील तर जादाची काढतात. आणि मग त्यातून एक तिसरी यादी वजा करतात, ‘यांना पाठवायचं नाही’ अशा लोकांची. या धंद्यात तिला सप्रेशन लिस्ट म्हणतात. तुमचं नाव त्या यादीत असेल तर ते कुठूनही आलं तरी गाळलं जातं.

आणि तुम्ही ‘काढून टाका’ म्हणालात आणि समोरच्याने खरोखरच नोंद पुसली तर? मग वजा करायला त्यांच्याकडे काहीच उरत नाही. पुढच्या भाड्याच्या यादीत तुमचं नाव आलं की तुम्ही त्यांच्या दृष्टीने कोरे, अनोळखी, नवीन गिऱ्हाईक. पहिल्यासारखं आपुलकीचं पत्र, पहिल्यासारखा फोटो.

म्हणून मागायचं ते हे: माझं नाव ठेवा, पण त्यावर ‘पाठवू नये’ असा शिक्का मारा.

शिवाय पुसायला सांगूनही ते पूर्ण पुसता येत नाही. देणगीवर करसवलत असेल तर देणगीदाराचं नाव, पत्ता, रक्कम यांची नोंद संस्थेला हिशेबासाठी ठेवावीच लागते. फोनवरचा कर्मचारी मग अर्धवट काहीतरी करतो: हिशेबातलं नाव तसंच राहतं, पत्रव्यवहाराची नोंद जाते. तुम्हाला वाटतं सगळं गेलं.

सांगितल्यावरही महिना-दोन महिने येतंय

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते आणि बहुतेक वेळा यात बिघाड काही नसतो. टपालाची मोहीम आधीच आखलेली असते. याद्या ठरवून घेणं, एकत्र करणं, छापणं, पाकिटात भरणं, स्वस्त दराच्या टपालात टाकणं या सगळ्याला आठवडे लागतात. तुम्ही आज सांगितलंत तेव्हा पुढच्या एक-दोन मोहिमांची लेबलं छापून झालेली असू शकतात. दोन-तीन महिने धीर धरा. मात्र त्या काळात आलेलं प्रत्येक पाकीट फेकू नका, तारीख टाकून ठेवा. तीन महिन्यांनंतर आलेलं पाकीट हा पुरावा असतो, त्याआधीचं नाही.

लेबल वाचा

हे मी सगळ्यात उशिरा केलं. सगळ्यात आधी करायला हवं होतं.

एका रविवारी तीन पाकिटं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. एकाच संस्थेची, एकाच महिन्यातली. पहिल्यावर माझं पूर्ण नाव, मधल्या नावासकट. दुसऱ्यावर मधलं नाव गायब आणि आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त. तिसऱ्यावर नाव आणि आडनाव उलटं, आधी आडनाव. घर क्रमांक एकीकडे पत्त्याच्या सुरुवातीला, दुसरीकडे शेवटी. माणसाच्या डोळ्याला ही एकच बाई दिसते, संगणकाला तीन. मी फोनवर पूर्ण नाव सांगितलं तेव्हा त्यांनी पहिली बंद केली. उरलेल्या दोघींची पाकिटं मजेत चालूच राहिली.

नावाच्या वर किंवा खाली आकड्यांची आणि अक्षरांची एक ओळ असते, ती बघा. त्यात साधारण दोन गोष्टी असतात. एक, देणगीदार क्रमांक. दुसरी, सोर्स कोड, म्हणजे ही कुठली मोहीम आणि तुमचं नाव कुठल्या यादीतून आलं ते सांगणारा कोड. माझ्या तीन लेबलांपैकी दोनांवरचा पहिला भाग वेगळा होता, म्हणजे दोन वेगळ्या नोंदी. तिसऱ्यावर देणगीदार क्रमांकच नव्हता, फक्त कोड: ते भाड्याच्या यादीतलं. कोडचा अर्थ आपल्याला कळत नाही, पण संस्थेला तो एका मिनिटात कळतो. ‘माझं नाव कुठून मिळालं?’ असं नुसतं विचारलं तर ‘सांगता येणार नाही’ असं उत्तर येतं. ‘या कोडची यादी कुणाची?’ असं विचारलं तर ते टाळणं अवघड होतं.

म्हणून फोन करताना नाव नंतर सांगा, क्रमांक आधी. आणि शक्य असेल तर फोन करूच नका, लिहा.

काय लिहायचं

मी शेवटी जे पाठवलं आणि ज्याने काम झालं ते असं होतं. उचलायचं असेल तर खुशाल उचला:

“देणगीदार विभाग यांस. आपल्याकडून आलेल्या पाकिटांवरील लेबलांचे फोटो सोबत जोडले आहेत. त्यावरील सर्व नावे व क्रमांक एकाच व्यक्तीचे, म्हणजे माझे आहेत. कृपया या नोंदी पुसू नयेत. त्या एकत्र करून ‘पत्रव्यवहार नको’ या यादीत घालाव्यात, म्हणजे बाहेरून आणलेल्या यादीत माझे नाव आले तरी ते वगळले जाईल. करासाठीच्या पावतीखेरीज टपाल, ईमेल, एसएमएस किंवा फोन यांपैकी काहीही नको. माझे नाव व पत्ता इतर कोणालाही भाड्याने, अदलाबदलीत किंवा सामायिक डेटाबेससाठी देऊ नये. यापूर्वी दिले असल्यास कोणाला, ते कळवावे. तसेच लेबलवरील कोड कोणत्या यादीचा आहे, तेही कळवावे. कार्यवाही झाल्याचे लेखी उत्तर अपेक्षित आहे.”

यात ‘भाड्याने, अदलाबदलीत, सामायिक डेटाबेससाठी’ हे तिन्ही शब्द मुद्दाम आहेत. ‘आम्ही तुमची माहिती कधीही विकत नाही’ असं वाक्य संस्थांच्या गोपनीयता धोरणात ठळक अक्षरांत असतं, आणि ते शब्दशः खरं असू शकतं. भाड्याने देणं म्हणजे विकणं नाही. अदलाबदल तर मुळीच नाही. आणि अनेक संस्था मिळून आपापल्या देणगीदारांची माहिती एका सामायिक साठ्यात टाकतात आणि त्यातून एकमेकींसाठी नवी नावं काढून घेतात, तिथेही पैसे देऊन ‘विक्री’ झालेली नसते. तेव्हा धोरण वाचताना ‘विकत नाही’वर थांबू नका, ‘इतर समविचारी संस्थांसोबत’ असे शब्द शोधा. समविचारी या शब्दात बरंच काही मावतं.

कुठे पाठवायचं? उत्तरी पाकिटात नाही, निदान फक्त तिथे नाही. ते तिकीट भरलेलं पाकीट अनेकदा संस्थेच्या कार्यालयात जातच नाही. ते धनादेश उघडून जमा करणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडे किंवा बँकेकडे जातं. तिथली माणसं रक्कम नोंदवायला बसलेली असतात. तुमची पोटतिडकीची चिठ्ठी त्यांच्या टेबलावर पोचते आणि तिथेच राहते. तेच पाकीट वापरायचं असेल तर वेगळी चिठ्ठी नको, छापील कोड असलेल्या फॉर्मवरच मोठ्या अक्षरांत लिहा. सोबत ईमेल देणगीदार विभागाला, आणि उत्तर नाही आलं तर डेटा संरक्षण अधिकाऱ्याला. त्याचा पत्ता गोपनीयता धोरणाच्या तळाशी असतो. तो विभाग देणगी मागणाऱ्यांचा नसल्यामुळे तिथून उत्तर लवकर येतं, हा माझा अनुभव.

ज्याने काही होत नाही, किंवा उलटं होतं

पाकिटावर ‘स्वीकारले नाही, परत पाठवा’ लिहून पोस्टात टाकणं. मी पाच-सहा वेळा मोठ्या समाधानाने केलं. स्वस्त दराचं घाऊक टपाल बहुधा परत जातच नाही. अमेरिकेत पाठवणाऱ्याने ‘परत सेवा हवी’ अशी सूचना पाकिटावर छापलेली नसेल तर टपाल खातं असं पाकीट सरळ निकालात काढतं. संस्थेला पत्ता लागत नाही की तुम्ही नाकारलंत.

थोडेसे पैसे आणि सोबत ‘आता पत्रं नकोत’ अशी चिठ्ठी पाठवणं. हा भल्या माणसांचा उपाय आहे आणि सगळ्यात वाईट आहे. निधी गोळा करणारे देणगीदाराला तीन गोष्टींवर जोखतात: शेवटची देणगी किती अलीकडची, किती वेळा दिली, किती दिली. ‘किती’ यात सगळ्यात शेवटी येतं. कालच देणारा माणूस पुन्हा देण्याची शक्यता जास्त, म्हणून त्याला जास्त पत्रं. तुमच्या छोट्या रकमेने काय झालं? शेवटच्या देणगीची तारीख आज झाली आणि वेळा एकाने वाढल्या. चिठ्ठी वर सांगितलं तिथे पडली. बाजारात भाड्याने सगळ्यात महाग जातात ती नावंही गेल्या काही महिन्यांत दिलेल्यांचीच. पाच संस्थांना थोडं थोडं देणाऱ्याला एका संस्थेला तेवढीच रक्कम देणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त पाकिटं का येतात, ते यातून कळतं.

याची दुसरी बाजू अशी की काहीच न करता नुसतं देणं बंद ठेवलं तरी वर्ष-दोन वर्षांत तुम्ही ‘सुटलेले’ देणगीदार ठरता आणि ओघ कमी होतो. ‘आम्हाला तुमची आठवण येते’ छापाची एक-दोन पत्रं येतात, त्यांना उत्तर दिलं नाही की बहुतेक संपलं. घाई नसेल तर हाही उपाय आहे.

भेटवस्तू परत करणं. पत्त्याची स्टिकरं, शुभेच्छापत्रं, वाजणारं पेन, कधी खिडकीतून दिसेल असं चिकटवलेलं एक खरं नाणं. हातात काही पडलं की रिकाम्या हाताने राहणं माणसाला जड जातं, एवढ्यासाठीच हे असतं. परत पाठवायची गरज नाही आणि पैसे पाठवायचीही नाही. अमेरिकेच्या टपाल कायद्यात तर स्पष्ट आहे की धर्मादाय संस्थेने न मागता टपालाने पाठवलेली वस्तू घेणाऱ्याने भेट समजून ठेवावी, वापरावी किंवा टाकावी, त्याच्यावर कसलंही बंधन नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये आडनाव चुकलेली दोनशेच्या वर स्टिकरं आहेत. बरण्यांना लावते.

घर बदलणं. हसू नका, एका मैत्रिणीने ‘चला, निदान ती पाकिटं तरी सुटली’ असं म्हटलं होतं. टपाल खात्याकडे पत्ता बदलल्याची नोंद केली की काही देशांत ती नोंद घाऊक टपाल पाठवणाऱ्यांना परवान्याने मिळते. अमेरिकेत गेल्या ४८ महिन्यांतले बदल त्यांना तपासता येतात. पाकिटं तिच्या आधी नव्या घरी पोचली.

कायदा किती कामाचा

देशादेशांत फरक आहे, आणि तो जाणून घेतला तर पत्रात एक वाक्य टाकता येतं ज्याने सूर बदलतो.

सगळ्यात भक्कम जागा युरोपात. जीडीपीआर हा युरोपीय संघाचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २१ नुसार थेट प्रचारासाठी आपली माहिती वापरायला हरकत घेतली की संस्थेला ते थांबवावंच लागतं. कारण द्यायचं नाही, संस्थेने आपला फायदा-तोटा तोलायचा नाही, सरळ थांबवायचं. आणि कलम १५ खाली आपली काय माहिती आहे आणि ती कुठून आली हे विचारता येतं. त्याचं उत्तर साधारण महिन्याभरात द्यायचं असतं. ब्रिटनने संघ सोडल्यावरही हे हक्क आपल्या कायद्यात ठेवले.

ब्रिटनमध्ये याहून एक पाऊल पुढचं आहे, आणि त्यामागे एक दुःखद प्रकरण आहे. २०१५ मध्ये ब्रिस्टलमधल्या ९२ वर्षांच्या एक बाई वारल्या. आयुष्यभर त्यांनी युद्धस्मृतीची कागदी फुलं विकून निधी गोळा केला होता. त्यांच्या घरी येणाऱ्या मदतीच्या पत्रांचे ढीग बातम्यांत आले. मृत्यूला ती पत्रं कारण नव्हती, असं घरच्यांनी स्पष्ट सांगितलं. पण चौकशीत दिसलं की त्यांचा तपशील ९९ संस्थांकडे होता आणि त्यांतल्या सुमारे ७० टक्के संस्थांना तो दुसऱ्याच कुणाकडून मिळालेला होता. त्यानंतर तिथली व्यवस्था बदलली आणि जुलै २०१७ मध्ये फंडरेझिंग प्रेफरन्स सर्व्हिस सुरू झाली. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये नोंदलेल्या संस्थेचं नाव तिथे द्यायचं आणि तिची नावानिशी येणारी पत्रं, ईमेल, मेसेज, फोन बंद करायला सांगायचं. दुसऱ्याच्या वतीनेही हे करता येतं, वयस्क आई-वडिलांसाठी उपयोगी.

अमेरिकेत टपालाबाबत एवढा जोर नाही. तिथे ‘पत्रं नकोत’ असं कळवण्यासाठी जाहिरातदारांच्या संघटनेची डीएमएचॉइस नावाची नोंदणी आहे, एकदा केली की दहा वर्षं चालते. पण ती मुख्यतः अनोळखी पाठवणाऱ्यांसाठी. ज्या संस्थेला तुम्ही दिलंय तिला वेगळं लिहावंच लागतं. निधी गोळा करणाऱ्यांच्या संघटनांनी मिळून केलेली देणगीदारांच्या हक्कांची दहा कलमी सनद आहे, तिचं नववं कलम नेमकं याच विषयाचं: संस्था जी यादी इतरांना देणार असेल तिच्यातून आपलं नाव वगळायची संधी देणगीदाराला मिळाली पाहिजे. कायदा नाही, पण बऱ्याच संस्थांनी ती मानलेली असते. पत्रात ‘नवव्या कलमानुसार’ लिहिलं की समोरच्याला कळतं, या बाईने वाचलंय. आणि तिथल्या ‘डू नॉट कॉल’ नोंदणीवर विसंबू नका, धर्मादाय संस्थांचे फोन तिच्यातून वगळलेले आहेत. मात्र संस्थेच्या वतीने धंदेवाईक कंपनी फोन करत असेल आणि तुम्ही ‘या संस्थेसाठी पुन्हा करू नका’ म्हणालात तर तिला ते पाळावं लागतं. हे वाक्य फोनवर असंच्या असं म्हणा.

भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात एक चांगलं तत्त्व आहे: संमती देणं जितकं सोपं होतं तितकंच ती मागे घेणं सोपं असलं पाहिजे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. जाहिराती फोन आणि एसएमएस नको असतील तर १९०९ या क्रमांकावर नोंदणी करायची सोय आहेच.

ईमेल आणि मेसेज

हे टपालापेक्षा सोपं. २०२४ पासून गूगल आणि याहूने घाऊक ईमेल पाठवणाऱ्यांना एका टिचकीत बाहेर पडायची सोय देणं सक्तीचं केलं आणि ती विनंती दोन दिवसांत अमलात आणायला सांगितलं. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी ‘अनसबस्क्राइब’ दिसतं ते हेच. तळाच्या बारीक लिंकपेक्षा ते वापरा.

तरीही येत राहिलं तर बहुधा दोनपैकी एक कारण. एकाच संस्थेच्या चार याद्या असतात, बातमीपत्राची, आवाहनाची, कार्यक्रमांची, याचिकांची, आणि तुम्ही एकीतूनच बाहेर पडलात. किंवा देणगी ज्या वेबसाइटवरून दिली ती मधली कंपनी वेगळी आहे आणि ईमेल तिचे आहेत. मित्राच्या मॅरेथॉनसाठी दिलं असेल तर हमखास. तेव्हा पाठवणाऱ्याचा पत्ता बघा, वरचं नाव नको. ओळखीची संस्था असेल तर अनसबस्क्राइब, अजिबात माहीत नसलेली असेल तर लिंकला हात न लावता स्पॅममध्ये टाका.

जी व्यक्ती आता नाही, तिच्या नावाने

हे लिहिताना हात जरा जड होतो. वडिलांच्या नावाने येणारी पाकिटं मी बरेच दिवस तशीच ठेवली होती. त्यांनी वर्षानुवर्षं दिलेलं, म्हणून ती सगळ्यात चिवट निघाली. इथेही नियम तोच: ‘नाव काढा’ नाही, ‘मृत म्हणून नोंदवा आणि पाठवू नका’. ब्रिटन आणि अमेरिकेत मृत व्यक्तींच्या नावांची वेगळी नोंदणी आहे, घाऊक टपालवाले आपल्या याद्या तिच्याशी पडताळून पाहतात. संस्थेला थेट लिहिलं तर बहुतेक जण फार नीट वागतात. एका संस्थेने मला हाताने लिहिलेलं पत्र पाठवलं, बाबांनी किती वर्षं मदत केली ते सांगणारं. ते मात्र मी ठेवलंय.

पुढच्या वेळी देताना

आता मी वर्षातून दोनच संस्थांना देते, दोन्हींना एकदम मोठी रक्कम. फॉर्मवरचे चौकोन वाचते: काही फॉर्मवर खूण केली तर पत्रं येतात, काहींवर खूण न केली तर. दोन्ही प्रकार एकाच फॉर्मवर पाहिलेत. फोन क्रमांक सक्तीचा नसेल तर देत नाही. ईमेलमध्ये नावानंतर अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द टाकते. जीमेल ते सगळं त्याच इनबॉक्समध्ये आणतं आणि कुणाला कुठला पत्ता दिला होता ते दिसतं. काही वेबसाइटना ते चिन्ह चालत नाही, मग राहू द्यावं. आणि कागदी पत्त्यासाठी मधल्या नावाचं आद्याक्षर दर संस्थेला वेगळं देते. करसवलतीच्या पावतीला हे चालणार नाही, तिथे ओळखपत्राप्रमाणेच नाव हवं. तिथे फक्त पत्त्यात फरक करते, घर क्रमांकापुढे एक जादा अक्षर. पोस्टमनला त्याने काही फरक पडत नाही.

गेल्या वर्षी एका संस्थेला मधलं आद्याक्षर ‘क’ दिलं आणि दुसरीला ‘ट’. दहा महिन्यांत ‘ट’ अजून कुठेच दिसला नाही. ‘क’ असलेलं पाकीट पाचव्या महिन्यात आलं, तिसऱ्याच एका संस्थेकडून, आत चार शुभेच्छापत्रं. लेबलचा फोटो काढला, वरचंच पत्र काढलं, ‘क’वाल्या संस्थेचं नाव घालून पाठवलं. उत्तर नऊ दिवसांत आलं: तपशील अदलाबदलीत गेला होता, आता वगळला आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. खाली ‘ता. क.’ म्हणून एक ओळ होती, या पत्राच्या उत्तरात आपण देणगीही पाठवू शकता.